इतर कलाकार

आमच्या बँडचे नाव मी येथे लिहिणार नाही. एक तर तो आता उरला नाही, आणि दुसरे म्हणजे नावावरूनच त्याचे सारे बिनसले. वाचकांपैकी पुष्कळांनी त्याला गॅदरिंगमध्ये टाळ्या दिल्या आहेत, काहींनी शिट्याही मारल्या आहेत. त्यांना नाव ठाऊक आहेच. त्यांनी ते मनातच ठेवावे.

आम्ही पाच जण होतो. मी गिटारवर, एक जण की-बोर्डवर, गायला वर्गातलीच एक मुलगी आणि ढोलकीला माझा शाळेपासूनचा मित्र. पाचव्याला काहीच वाजवता येत नसे. पण त्याच्या काकांचा टेम्पो होता, त्यामुळे तो बँडचा सर्वांत महत्त्वाचा माणूस होता. संध्याकाळी घाटावर पायऱ्यांशी आमची तालीम चाले. ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन निघालेली माणसे क्षणभर थांबत. एखादी आजी नमस्कार करून पुढे जाई. तो कृष्णामाईला की आम्हांला, हे कळत नसे.

पहिल्या वर्षी गॅदरिंग झाले. दुसऱ्या वर्षी गणपतीत दोन मंडळांनी बोलावले, मग एक लग्न, मग पसरणीच्या बाजूला एका गावची जत्रा. आठ हजारांची सुपारी मिळाली त्या रात्री आम्ही स्टँडसमोर मिसळ खाऊन पुढच्या वर्षी पुण्यात कार्यक्रम करण्याच्या गोष्टी केल्या. आता हसू येते; त्या वेळी कोणी हसले नव्हते.

हे सगळे एका गाण्यामुळे झाले होते. एके दिवशी तालमीत मध्येच थांबलो असताना ढोलकीवाला ढोलकीच्या दोऱ्या ओढत काहीतरी गुणगुणत होता. मी विचारले, "ही चाल कुठली रे?" तो म्हणाला, "आज्जीची. दळताना म्हणायची." मी चार सुरांत ती गिटारवर उतरवली, मेणवलीच्या रस्त्यावर सायकल ढकलत तिला शब्द लिहिले, आणि आठ दिवसांत गाणे उभे राहिले. लोक तेच मागत. एकदा ते आम्ही तीन वेळा म्हटले.

तिसऱ्या वर्षी मोठा कार्यक्रम ठरला. पत्रक छापायचे काम माझ्याकडे आले. मी लिहिले : "गीत-संगीत", आणि पुढे माझे, वडिलांच्या नावासह, पूर्ण नाव. खाली गायिकेचे. त्याखाली बारीक टायपात "साथसंगत : इतर कलाकार". छापखान्यातल्या माणसाने विचारलेसुद्धा, "बाकीची नावं?" मी म्हणालो, "जागा नाही." जागा होती. तिथे मी गिटारचे चित्र टाकले होते.

ढोलकीवाल्याने पत्रक वाचले, चार घड्या घालून खिशात ठेवले. कार्यक्रमात तो नेहमीपेक्षा चांगला वाजवला. दुसऱ्या दिवशी तालमीला आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग हिशोबावरून की-बोर्डवाल्याचे आणि माझे वाजले, गायिकेच्या घरून बंदी आली, आणि टेम्पोवाला म्हणाला, "आता मी कशाला थांबू?" महिन्याभरात सगळे संपले. लोकांना आम्ही कंटाळवाणे झालो म्हणून नव्हे; त्याच आठवड्यात एका मंडळाचा निरोप येऊन पडला होता.

त्या पावसाळ्यात गिटार भिंतीला टांगून मी रिकामा बसलो होतो. आमचा की-बोर्डवाला तालमीच्या शेवटी 'विदाउट यू' हे इंग्रजी गाणे वाजवायचा. ते मूळ कोणाचे, हे शोधायला गेलो आणि वेल्समधल्या स्वान्सी गावी जाऊन पोचलो. तिथे साठीच्या दशकात 'द आयव्हीज' म्हणून एक बँड होता. १९६८ साली बीटल्स मंडळींच्या ॲपल कंपनीने त्यांना करारबद्ध केले. पुढे त्यांनी नाव बदलून 'बॅडफिंगर' केले. पॉल मॅकार्टनीने त्यांना एक गाणे दिले, तेही गाजले. 'विदाउट यू' हे पीट हॅम आणि टॉम इव्हान्स या दोघांनी रचले, १९७० साली आपल्या तबकडीवर घातले. फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. १९७२ साली हॅरी निल्सन या अमेरिकन गायकाने म्हटलेले तेच गाणे इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. १९९४ साली मरायाह कॅरीने म्हटले, पुन्हा गाजले. रचणाऱ्यांची अवस्था काय? करार व्यवस्थापकाच्या सोयीचे, पैसा कुठे जातो याचा पत्ता नाही. १९७५ च्या एप्रिलमध्ये, अठ्ठाविसावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, हॅमने आपले आयुष्य संपवले. त्याच गाण्याच्या मिळकतीवरून आपसांत वाद चालू असताना १९८३ साली इव्हान्सही त्याच वाटेने गेला. जगभर लोक प्रेमाचे म्हणून जे गाणे म्हणतात, त्याच्यामागे हे आहे.

ही हकीकत मी आजोबांना सांगितली. आजोबा पेटी वाजवतात. तरुणपणी कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा पाहायला दहा-दहा मैल चालत गेलेले. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतले आणि म्हणाले, "एवढं लांब कशाला गेलास? आपल्या बापूरावाचं काय झालं?"

बापूराव म्हणजे पठ्ठे बापूराव. नाव मी ऐकून होतो, माणूस माहीत नव्हता. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष या गावी ११ नोव्हेंबर १८६६ रोजी श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मला. आपल्या वाईवरून वाहणारी कृष्णा खाली कराडला कोयनेला भेटून पुढे जाते ती याच मुलखात. घरी कुलकर्णीपण, पण मुलाचे कान जात्यावरच्या ओव्यांकडे लागलेले. त्याच चालींवर तो गाणी जुळवी. ब्राह्मणाचा पोरगा तमाशात गेला म्हणून गावाने आणि जातीने काय केले असेल, ते सांगायला नको. वतन गेले, सोवळे गेले. तो पठ्ठे बापूराव झाला. लावण्या लिहिल्या, वग रचले; 'मिठाराणी'चा वग तर त्याच्या नावाला चिकटूनच आहे.

आणि मग फडात पवळा आली. संगमनेरजवळच्या हिवरगावची, महार समाजातली. तोवर तमाशात नाच्या पोऱ्याच लुगडे नेसून उभा राही. बोर्डावर उभ्या राहिलेल्या पहिल्या बायकांत पवळेचे नाव घेतात. माझे पणजोबा मुंबईला गिरणीत होते. साताऱ्या-सांगलीकडची, कोकणातली हजारो माणसे तिथे साच्यांवर उभी राहून दिवस काढीत आणि रात्री तमाशाला जात. बापूराव-पवळा ही जोडी म्हणजे त्यांचा श्वास होता. आजोबा सांगतात, "आमचा बा म्हणायचा, फड नावानं सरदाराचा, गर्दीनं बाईचा."

हे वाक्य मला टोचले. मी ग्रंथालयात जाऊन बसलो. लावणीच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो, हे आपण वर्गात शिकलो आहोत. बापूरावही तसे करीत. म्हणजे लावणी कोणीही म्हणो, कुठेही म्हणो, शेवटी नाव त्यांचे येणारच. बॅडफिंगरच्या पोरांपेक्षा हे शहाणपण केवढे! कागद नको, करार नको, गाण्यातच सही. पण पवळेच्या चाळांना शेवटचे कडवे नसते. आणि ज्या बायकांच्या ओव्यांवर श्रीधर कुलकर्ण्याचा कान तयार झाला, त्यांची तर नावेही कोणाला ठाऊक नाहीत.

पुढे जोडी फुटली. पवळा गेली आणि फडाला उतरती कळा लागली. काळही फिरलाच होता : १९३१ साली 'आलम आरा' आला, वर्षभरात प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला, आणि तमाशाचा प्रेक्षक तिकडे वळू लागला. नुसत्या बोलपटाला दोष देणारे लेखक मला मात्र पटत नाहीत. बोलपट सगळ्याच फडांवर आला, काही तगले. पवळा १९३९ साली गेली. बापूराव २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात वारले, अगदी दारिद्र्यात. त्यांच्या लावण्या त्या दिवशीही कुठल्या ना कुठल्या कनातीत चालू असतील.

आणखी एक हकीकत सांगितली जाते. १९२७ सालच्या महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाचे उत्पन्न देऊ केले, आणि डॉ. आंबेडकरांनी ते घेतले नाही; आमच्या बायका नाचवून मिळवलेला पैसा आम्हांला नको, असे त्यांचे म्हणणे. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला बापूरावांची बाजू घ्यावीशी वाटली. ज्या माणसाने जात सोडली, घर सोडले, त्याला असे परत पाठवायचे? मग खिशात चार घड्या घातलेले पत्रक आठवले. देणाऱ्याचे मन मोठे असू शकते आणि तरी हिशोब चुकलेला असू शकतो.

माझा मित्र महार नाही, मीही कुलकर्णी नाही. पण त्याच्या घरात हलगी तीन पिढ्यांची आहे आणि माझ्या घरात नाव छापण्याची सवय. हे मला तीन वर्षांत एकदाही सुचले नव्हते.

गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी मी त्याच्या घरी गेलो. तो एमआयडीसीत कामाला लागला आहे, रात्रपाळी करून झोपला होता. ओट्यावर त्याची आजी शेंगा फोडीत बसली होती. मला ओळखले नाही, ओळख सांगितल्यावर म्हणाली, "व्हय व्हय, गिटारवाला. बस." मी बसलो. काय बोलावे सुचेना, म्हणून सरळ सांगून टाकले की आजी, मी तुमची चाल घेतली आणि खाली माझे नाव घातले.

तिने शेंगा फोडणे थांबवले नाही. "कंची चाल?"

मी म्हणून दाखवली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. ती मान हलवू लागली; मला वाटले, आवडले. तेवढ्यात तिने हात वर केला.

"चुकलं की रं. हितं आवाज खाली न्यायचा न्हाई. जातं फिरतंया न्हवं? खाली नेला की हात थांबतू."

आणि तिने ती म्हटली. दात नव्हते, श्वास पुरत नव्हता, पण मी जिथे उतरत होतो तिथे तिचा सूर एक वळसा घेऊन वर गेला. तीन वर्षे आम्ही, टाळ्या घेत, चूक गात होतो.

"ही तुम्हांला कुणी शिकवली, आजी?"

"सासूनं. तिला तिच्या सासूनं. म्हन पुन्यांदा."

मी पुन्हा म्हटली. पुन्हा चुकलो. आतून खाटेचा आवाज आला आणि माझा मित्र डोळे चोळत दारात येऊन उभा राहिला. माझ्याकडे पाहिले, आजीकडे पाहिले, काही बोलला नाही. भिंतीला टेकून खाली बसला, पत्र्याचा रिकामा डबा पुढे ओढला आणि त्यावर बोटांनी ठेका धरला. आजी म्हणाली, "आता म्हन."