आकडा चढला, पण कशामुळे?

गुन्ह्यांवरचे अहवाल तपासायला माझ्याकडे येतात. 'अमुक झालं, म्हणून तमुक घडलं' असं वाक्य आलं की माझी पेन्सिल अडते. उदाहरणार्थ, 'मेट्रो आली आणि घाटकोपर स्टेशनात मोबाईलचोऱ्या वाढल्या.' पटकन पटतं. 8 जून 2014 ला वर्सोव्याहून मेट्रो घाटकोपरला येऊ लागली आणि सकाळी नऊला पूल ओलांडणं म्हणजे स्वतःला गर्दीच्या स्वाधीन करणं झालं. खिसा हलका झाल्याचं जिना उतरल्यावर कळतं. पण माणसं वाढली तर चोऱ्या वाढणारच. लाख प्रवाशांमागे किती, ते सांगा. आणि मेट्रो नसलेलं, तितकंच गजबजलेलं स्टेशन शेजारी मांडा. अंधेरी चालणार नाही, तिथेही हीच मेट्रो थांबते.

खरी गोम नोंदीत. लोकलमध्ये गेलेला फोन वर्षानुवर्षं 'गहाळ' म्हणून लिहिला जायचा. दाखला हातात पडला, त्यावर नवं सिमकार्ड मिळालं की प्रकरण मिटलं. नोव्हेंबर 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्याचा एफआयआर बंधनकारक केला. पुढे काही वर्षांनी रेल्वे पोलीस असे फोन चोरी म्हणून नोंदवू लागले आणि आकडा उसळला. तेवढ्यात चोरांची फौज वाढली असं मानायला मी तयार नाही.

देशात बलात्काराचे नोंदवलेले गुन्हे 2012 मध्ये 24,923 होते, 2013 मध्ये 33,707. त्या वर्षी कायद्यातली व्याख्या रुंदावली, बायका पुढे आल्या, पोलिसांवर दबावही आला. कशाचा वाटा किती, हे नुसत्या या दोन आकड्यांवरून सांगणाऱ्याचं मी तरी ऐकत नाही.

कॅमेऱ्यांचंही तसंच. ते बसतात कुठे? जिथे नुकतीच बोंब झाली तिथे. एरवीही पुढचा महिना जरा निवळलाच असता. श्रेय मात्र कॅमेरा घेऊन जातो.

मध्य प्रदेशात 180 पोलीस ठाणी घेऊन एक प्रयोग झाला. महिला मदत कक्ष कुठे उघडायचा, हे जवळजवळ चिठ्ठ्या टाकून ठरवलं. कक्ष होते तिथे बायकांच्या तक्रारींची नोंद वाढली, आणि तुलनेला कक्ष नसलेली ठाणी होती म्हणून ती वाढ कक्षांच्या खात्यावर मांडता आली. कक्षांचं यश ते हेच. तुलनेची ठाणी नसती, तर याच वाढीवर 'महिलांवरील अत्याचारांत वाढ' असा मथळा बिनदिक्कत छापला गेला असता.