तुकारामी

गिरगाव, मुंबई
२२ नोव्हेंबर

चि. मुक्ता हिस,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, 'इसियस तुकारामी' या कोळ्याच्या नावातला तुकाराम म्हणजे आपले देहूचे का?" आणि मी हसलो. हसायला नको होतं. २००८ साली तू बालवाडीत होतीस आणि पुढे तुम्ही मेलबर्नला गेलात; तुला कोण सांगणार?

हे तुकाराम साताऱ्याकडचे, जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. तुकाराम गोपाळ ओंबळे. आधी लष्करात होते, तिथून निवृत्त होऊन मुंबई पोलिसांत आले. डी. बी. मार्ग पोलिस ठाण्यात साहाय्यक उपनिरीक्षक, म्हणजे आपल्या भाषेत साहाय्यक फौजदार. वर्तमानपत्रात फोटो येण्यासारखा हुद्दा नव्हे.

२००८च्या २६ नोव्हेंबरला मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. त्या रात्री कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत पोलिस अधिकारी करकरे, कामटे, साळसकर यांना मारून कसाब आणि इस्माईल हे दोन हल्लेखोर त्यांचीच गाडी घेऊन निघाले होते. मागच्या बाजूला जखमी शिपाई अरुण जाधव मेल्यासारखे पडून होते. टायर गेला म्हणून त्या दोघांनी वाटेत एक स्कोडा पळवली, आणि जाधवांनी लगेच वायरलेसवरून खबर दिली. म्हणून गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीला स्कोडाचा पत्ता होता. नाकाबंदी म्हणजे बॅरिकेड, एक-दोन पिस्तुलं आणि बाकीच्यांच्या हातात काठ्या.

मध्यरात्र उलटली होती. गाडी अलीकडेच थांबली, वळायला गेली आणि दुभाजकावर अडकली. इस्माईलला गोळी लागली. दुसऱ्या बाजूने कसाब उतरला तो रायफलसकट. ओंबळ्यांनी झेप घेऊन तिची नळी दोन्ही हातांनी धरली. त्याने चाप ओढला; नळीचं तोंड यांच्या पोटाकडे होतं. किती गोळ्या, याचे आकडे लोक हौसेने वाढवत नेतात. मला तो हिशेब आवडत नाही. हात सुटला नाही, एवढं मला पुरतं. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी कसाबला काठ्यांनी आडवा केला.

आपल्या चाळीतले पुष्कळ जण आता सांगतात की गोळ्यांचा आवाज गॅलरीत ऐकू आला. मला आला नाही. आमचा टीव्ही मोठ्याने चालू होता आणि सगळे सीएसटी स्थानकावरच्या हल्ल्याची दृश्यं बघत होतो. चौपाटी चालत दहा-पंधरा मिनिटांवर.

आता खरी गोष्ट ऐक. शौर्याबद्दल सगळेच बोलतात. कसाब जिवंत सापडल्याने काय झालं, हे कमी जण सांगतात. त्या रात्री आलेल्या दहांपैकी नऊ मेले. कसाबकडे भारतीय विद्यार्थी असल्याचं बनावट ओळखपत्र होतं, हिंदू नावाचं. तोही मेला असता तर तो कागदच बोलला असता, आणि मग कुणी काय काय रचलं असतं याची कल्पना कर. तो जिवंत होता म्हणून कुठून आले, कुणी शिकवलं, समुद्रात कुणाची बोट पळवली, हे त्याच्या तोंडून नोंदवलं गेलं. आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात खटला चालला. त्याला वकील दिला, अपिलं ऐकली, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळं होऊन २१ नोव्हेंबर २०१२ला येरवड्यात फाशी झाली. तेव्हा लोक चिडायचे, "एवढा वेळ कशाला?" मीही चिडलो होतो. आज वाटतं, तो वेळ ओंबळ्यांनीच मिळवून दिला होता. तो खटल्यातच खर्च झाला हे बरं झालं.

२६ जानेवारी २००९ला त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. चौपाटीवर पुतळाही आहे; २६ नोव्हेंबरला तिथे हार पडतात, एरवी लोक त्याच्यासमोरून भेळ खायला जातात. मला त्यात काही गैर वाटत नाही. ती चौपाटी तशीच राहावी म्हणून तर तिथे नाकाबंदी होती.

तुझा कोळी ठाणे-कल्याण भागात सापडला, २०२१ साली त्याचं वर्णन छापून आलं. पुरुषाच्या नावावरून ठेवायचं म्हणून शेवटी 'ई': इसियस तुकारामी. जाळं न विणता उडी मारून भक्ष्य धरणाऱ्या कुळातला, हे तू मला सांगितलंस. उपमा इतकी नेमकी जमलीय की तिच्याबद्दल मी काही बोलत नाही. अभ्यासकांनी ठरवून केलं की योगायोगाने, ते तू शोध.

एकच काम कर. तुमच्या प्रयोगशाळेत नाव वाचताना कुणी अडखळलं तर उच्चार नीट करून दे, आणि ते देहूचे नव्हेत, केडंब्याचे, हेही सांग.

तुझा,
मामा