भिंती वाचताना

लोक प्रवासाला गेले की किल्ल्यांचे, मकबऱ्यांचे, समुद्राचे फोटो काढून आणतात. मी भिंतींचे आणि पाट्यांचे काढते. आमच्या मिस्टरांना हा शौक अजून उमगलेला नाही. हैदराबादला गेलो होतो तेव्हा ते म्हणाले, "मागे चारमिनार उभा आहे आणि तू पंक्चरवाल्याच्या पाटीचा फोटो घेतेस!" मी सोलापूरला उर्दू माध्यमाच्या एका हायस्कुलात शिकवते. घरात दखनी, वर्गात उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी, असा तीन बोलींत माझा दिवस जातो. त्यामुळे कुठल्याही शहरात पाऊल ठेवले की नजर आधी अक्षरांकडे वळते.

शहरेही गमतीदार असतात. मुंबईत जुन्या इमारतींच्या जिन्याच्या कोपऱ्यांत छोट्या फरशा बसवलेल्या दिसतात. एकीवर गणपती, दुसरीवर येशू, तिसरीवर काबा, शेजारी साईबाबा. हेतू एवढाच की तिथे कोणी पानाची पिचकारी मारू नये. सर्वधर्मसमभावावर इतकी भाषणे ऐकली, पण तो इतका शिस्तीत आणि शेजारी-शेजारी बसलेला मी त्या जिन्यातच पाहिला. ट्रकमागच्या 'हॉर्न ओके प्लीज'वर महाराष्ट्र सरकारने 2015 साली बंदी घातली. माझ्या संग्रहातले त्याचे बहुतेक फोटो त्यानंतरचे आहेत. त्याच वर्षी बंगळुरूच्या बादल नंजुंडस्वामी या चित्रकाराने रस्त्यातल्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चक्क मगरीची प्रतिकृती आणून ठेवली होती. तक्रारअर्जांना जे जमत नाही ते कधी कधी चित्राला जमते.

वांद्र्याच्या गल्ल्यांत रणजित दहिया यांनी 2012 पासून जुन्या हिंदी सिनेमाची चित्रे भिंतींवर रंगवली. चॅपल रोडवरची त्यांची अनारकली पाहताना मला सिनेमाचे फलक रंगवणारी ती जुनी पिढी आठवते. आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात 1915 साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनीही मुंबईत सुरुवातीला सिनेमाचे फलकच रंगवले होते. पुढे फ्लेक्स आला आणि पेंटरच्या हातातला ब्रश सुटला. हनीफ कुरेशी या गुजराती तरुणाला याची खंत वाटली. त्यांनी गावोगावच्या पेंटरांकडून अक्षरांचे नमुने लिहून घेतले आणि त्यांचे संगणकी टाइप तयार केले. त्या टाइपांना त्या त्या पेंटरचे नावही दिले. ज्यांची सही कुठल्याही पाटीच्या कोपऱ्यात मावत नव्हती, त्यांना असे नाव मिळाले. 2024 मध्ये कुरेशी अकालीच गेले.

फ्लेक्सने उर्दूचे तर आणखी हाल केले. आमच्या नस्तालिक लिपीत अक्षरे एकमेकांचा हात धरून उजवीकडून डावीकडे उतरत जातात. जागा बदलली की अक्षराचा आकार बदलतो. कलमाच्या टोकाने उमटणारा नुक्ता हे तिचे माप, आणि अलिफ साधारण तीन नुक्त्यांच्या उंचीचा. जुना पेंटर हे माप हातात घेऊन भिंतीपुढे उभा राही. संगणकाला मात्र उर्दूची सोय नसली की तो अक्षरे सुटी करतो, कधी उलटी ओळीत लावतो, आणि दुकानदार तीच पाटी हौसेने टांगतो. अशा पाट्यांचे फोटो मी वर्गात लावते आणि म्हणते, "दुरुस्त करा." बी.एड.ला आम्हाला शैक्षणिक साधने म्हणून तक्ते करायला लावत. माझे तक्ते रस्त्यावर आयते मिळतात.

असाच एक तास चालू असताना आठवीतल्या एका मुलीने विचारले, "मिस, अपनी जबान अपनेच मोहल्ले में क्यूं लिखेली रहती?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नव्हते. या मुलींना उर्दू दिसते ती शाळेत, मशिदीच्या फलकावर, निकाहच्या कार्डावर आणि कबरीच्या दगडावर. स्टेशनवर, बसस्टँडवर, बँकेत ती नसते. ज्या लिपीत आपण कविता पाठ करतो ती रस्त्यावर आली की कोणी वळून का पाहते, हे त्यांना कळत नाही. मोठ्यांनाही सांगता येत नाही.

मी त्यांच्यापुढे दिल्लीचे फोटो मांडले. आयटीओजवळ तेव्हाच्या पोलिस मुख्यालयाच्या इमारतीवर 2014 साली काढलेले सुमारे 150 फूट उंचीचे गांधीजी. लोधी कॉलनीतल्या सरकारी घरांच्या रंगलेल्या भिंती. तिथे 'डाकू' या टोपणनावाच्या कलावंताने भिंतीला शब्द असे जोडले की त्यांची सावली पडल्यावरच ते वाचता येतात. सूर्य सरकतो तशी अक्षरे सरकतात आणि मिटतात. रस्त्यांच्या नावांच्या पाट्याही दाखवल्या. दिल्लीत त्यांवर हिंदी, इंग्रजी, पंजाबी आणि उर्दू एकत्र नांदतात. मुली खुलल्या.

पण अर्धेच दाखवणे बरोबर नव्हते. म्हणून शाहदऱ्याची हकीकतही सांगितली. मे 2016 मध्ये अखलाक अहमद आणि फ्रेंच चित्रकार स्वेन सायमन तिथल्या एका भिंतीवर दिल्लीविषयीचा उर्दू शेर रंगवत होते. शहर उजाड होते आणि पुन्हा वसते, असा त्याचा आशय. जमाव आला, उर्दू चालणार नाही म्हणाला, आणि काम बंद पाडून लिहिलेल्या अक्षरांवर रंग फासला. शेर दिल्लीचा, भिंत दिल्लीची, लिपी दिल्लीत वाढलेली. तरी तिला तिथे परके ठरवले गेले.

आणि मग आपल्या महाराष्ट्रातली हकीकत. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठी नावाखाली उर्दूतही नाव होते. एका माजी नगरसेविकेने त्याला हरकत घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 15 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने निकाल दिला की मराठीसोबत उर्दू वापरायला कायद्याची आडकाठी नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती लोकांची असते, उर्दू याच मातीत जन्मली, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. मी निकाल सांगितला तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे पाटी तशीच राहिली?" राहिली, म्हटले. तिला तेवढेच हवे होते.

निकालाने पाटी वाचते. शेजाऱ्याची नजर मात्र रोजच्या सवयीनेच बदलते, असे मला वाटते. मराठी माणसाला उर्दू वाचता यावी असा माझा हट्ट नाही. ती दिसल्यावर त्याला दचकायला होऊ नये, इतकीच अपेक्षा आहे. आणि आमच्या मुलींनीही गल्लीबाहेरची भिंत आपली मानावी, तिच्यावरची मराठी आपली म्हणून वाचावी. कवाड दोन्ही बाजूंनी उघडावे लागते.

यंदाच्या उन्हाळ्यात शाळेच्या फाटकाबाहेर वाटसरूंसाठी रांजण ठेवले. मुलींनी मागच्या भिंतीवर ब्रशने लिहिले. उजवीकडून उर्दू निघाली, डावीकडून मराठी, आणि दोन्ही रांजणाच्या वर येऊन थांबल्या. एक कांदेवाला रोज तिथे गाडी उभी करून पाणी पितो. एके दिवशी त्याने उजवीकडे बोट दाखवून विचारले, "ताई, हे काय लिहिलंय?"

"पानी."

"अन् हिकडं पाणी. मंग एकच की," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने पुठ्ठ्याचा तुकडा आणला आणि मुलींकडून 'कांदा' दोन्ही लिपींत लिहून घेतला. मराठीत कांदा, उर्दूत प्याज. आता ती पाटी त्याच्या गाडीवर आहे, आणि गाडी सोलापूरभर फिरते.