वहिनी, खरेदी देरातच करू

दुबई

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

दादाचा फोन आला. जानेवारीत तुमचं येणं नक्की झालं, फार बरं वाटलं. लेकीच्या लग्नाचं सोनं इथेच घ्यायचं ठरलंय, पण "बाजारात फसवतात म्हणे, मॉलमध्येच ने हो" असा तुमचा निरोपही त्याने पोचवला. मॉल मी दाखवीनच, थंडगार हवेत चार फेऱ्या मारू. खरेदी मात्र देराच्या बाजारात करायची.

पावसाळ्याआधी नागोठण्यात तुम्ही सुकी मासळी कशी घेता ते मी बघत आलेय. बोंबील मोडून बघायचा, सोड्यांचा वास घ्यायचा, जवळा तळहातावर चोळून वाळू किती ते पाहायचं आणि मग भाव विचारायचा. कोळीण कितीही बोलू दे, तुमचं लक्ष मालावर. ज्याला माल कळतो त्याला देरात कुणी फसवत नाही. मॉलमध्ये सगळं सीलबंद, वर किमतीची चिठ्ठी. तिथे तुमच्यासारखी नजर फुकट जाते.

बाजार खाडीच्या दोन्ही काठांना आहे. बर दुबईला कापड, समोर देरात मसाले आणि सोनं. मधे अब्रा नावाच्या होड्या. एक दिरहॅम दिला की पलीकडे. काठाला लाकडी गलबतं लागलेली दिसतील. टायर, फ्रीज, पोती, खोकी असं काय वाटेल ते भरून ती इराणला, सोमालियाला जातात. फोटो काढणारे पर्यटक येतात नि जातात. गल्ल्यांमधली घाऊक दुकानं उभी राहिली ती या मालावर. ही खाडी एके काळी गाळाने भरत चालली होती. दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज काढलं आणि 1959 ते 1961 या काळात गाळ उपसून घेतला, म्हणून मोठी गलबतं आत येत राहिली.

आपल्या अंबा नदीचं तसं झालं नाही. भरतीच्या पाण्यावर मचवे नागोठण्यापर्यंत यायचे. इंग्रजी अमदानीत मुंबईहून महाबळेश्वरला निघालेले साहेबलोक बोटीने नागोठण्याला उतरत आणि तिथून महाडचा रस्ता धरत. पुढे मोटारी आल्या, मुंबई-गोवा रस्ता वाहता झाला, बंदराला कुणी विचारेना. राहिला तो जुना दगडी पूल, चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी 1582 च्या सुमारास बांधलेला. आणि त्या चौलात तर दहाव्या शतकातच ओमान, बसरा, सिराफकडचे व्यापारी बिऱ्हाडं करून होते. अल मसूदी नावाच्या अरब प्रवाशाने ते लिहून ठेवलंय. ते आपल्याकडे येत होते, आता आपण इकडे येतो. 1966 पर्यंत दुबईत रुपयाच चालत असे. 1959 पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापत होती. तेव्हा परक्या मुलखाची भीती बाळगू नका. गल्ल्यावर इराणी असो, मल्याळी असो की पठाण, हिंदी सगळ्यांना येते.

आता सोन्याचं. भाव दुकानाबाहेर फलकावर लावलेला असतो, तो सगळीकडे सारखाच. त्यात घासाघीस करून उपयोग नाही. करायची ती मजुरीत. 22 कॅरेटच्या दागिन्यावर 916 चा शिक्का बघायचा, वजन समोर करून घ्यायचं आणि विचारायचं, "मजुरी किती?" आकडा ऐकला की काही न बोलता पुढच्या दुकानाकडे वळायचं. तेवढ्याने तो खाली येतो. वर 5 टक्के व्हॅट आहे, तो हिशोबात धरा. पर्यटकांना त्यातला काही भाग विमानतळावर परत मिळतो, म्हणून पावती सांभाळा. परत येताना किती सोनं चालतं, ते दादाला निघण्याआधी कस्टमच्या नियमांत बघायला सांगा.

केशर मसाल्यांच्या गल्लीत घेऊ. चार काड्या कोमट पाण्यात टाकायच्या. पाणी हळूहळू सोनेरी झालं आणि काडी लालच राहिली तर माल खरा. टाकल्याबरोबर पाणी लाल आणि काडी पांढरी, तर तिथून उठायचं. शेजारच्या पोत्यात काळी, सुरकुतलेली, हलकी फुलकी लिंबं दिसतील. मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवलेली असतात. फोडलं की आतून काळाकुट्ट गर आणि आंबट, किंचित धुरकट वास. इथले लोक भातात, रश्शात घालतात, आपण आमसूल घालतो तसं. पावशेर घेऊन ठेवा, मटणाच्या रश्शाला लावून बघा.

एक मात्र ऐका. मोबाइल किंवा घड्याळ घ्यायचं असेल तर मोठ्या दुकानातूनच, वॉरंटीसकट. सोन्याच्या बाजारात "वॉच, बॅग, मॅडम" करत पोरं मागे लागतात, त्यांच्याकडे बघायचंही नाही. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा आपण साडेचारला निघू. मेट्रोचं अल रास स्टेशन अगदी जवळ आहे, चालणं फार नाही.

येताना कडवे वाल आणि पेणचे पोह्याचे पापड आणा. खसखस मात्र चिमूटभरही आणू नका, इथे ती अमली पदार्थात मोडते. मसाल्याच्या पुडीत आधीच घातली असेल तर ती पुडी घरीच ठेवा. बॅग भरताना दादाच्या भरवशावर राहू नका, स्वतः तपासा.

दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची नणंद