दुधाची गुहा आणि पावडरचा डबा

बेथलेहेमात ख्रिस्तजन्माच्या मंदिरापासून जवळच पांढऱ्या चुनखडीची एक गुहा आहे. पवित्र मरिया बाळ येशूला पाजीत असता दुधाचा थेंब सांडून तो खडक शुभ्र झाला, अशी भाविकांची श्रद्धा. ८ जानेवारी २०१७ रोजी सिस्टाइन चॅपेलमध्ये बाप्तिस्मा देताना पोप फ्रान्सिस यांनीही भुकेल्या बाळांना तेथेच निर्भयपणे पाजण्यास मातांना सांगितले. आमच्या चर्चमध्ये मात्र बाळ रडले की माता लाजून पडवीत जाते!

पावडरच्या डब्यांची जाहिरात भारतात १९९२ च्या कायद्याने बंद झाली. डब्यावर बाळाचे चित्रही चालत नाही. हे योग्यच झाले. परंतु आईच्या दुधाची थोरवी सांगताना आमची जीभ अडखळते ती पहाटे भाजीची पाटी घेऊन निघणाऱ्या भगिनीपुढे. २६ आठवड्यांची पगारी रजा नोकरदार स्त्रीला; हिला ती कोण देणार? जिला दूधच पुरेसे येत नाही, तिला तर उपदेश नव्हे, आधार हवा. डबा पुरवून वापरावा म्हणून पाणी वाढविले की बाळ अर्धपोटी राहते, अस्वच्छ बाटलीने जुलाब होतात. उकळलेले पाणी, नेमके माप, बाटलीऐवजी वाटी-चमचा, एवढे आम्ही घरी बाळ सांभाळणाऱ्या सासूबाईंच्या कानी घालतो. वेदीवरून नव्हे, त्यांच्या ओटीवर बसून.