पाठीमागें घर : मँचेस्टर ते इन्व्हरनेस

इंग्लंडच्या दक्षिणेकडील ट्वायफर्ड गांवाहून निघून स्कॉटलंडांतील इन्व्हरनेसपर्यंत केवळ हौसेखातर चाकांवरचें घर नेणारे पहिले प्रसिद्ध गृहस्थ म्हणजे आरमारांतून निवृत्त झालेले डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स. साल १८८५. त्यांच्या ‘वाँडरर’ नांवाच्या गाडीचें वजन सुमारें दोन टन होतें. ती दोन घोडे ओढीत, आणि डॉक्टरांचा नोकर तीन चाकी सायकलवर बसून पुढें जाई व समोरून येणाऱ्यांस मागून हें धूड येत असल्याची वर्दी देई. वाचकांस या नोकराचें कदाचित् हसूं येईल. परंतु २०२३ च्या जून महिन्यांत आम्हीं सहकुटुंब मँचेस्टरहून इन्व्हरनेसपर्यंत असाच प्रवास केला, आणि तेव्हांपासून त्या मनुष्याविषयीं आमच्या मनांत निव्वळ आदर वसत आहे.

आमचा भाचा मँचेस्टरास नोकरीनिमित्त राहतो. त्याची मोटार मध्यम आकाराची, हल्लीं जिला एस्.यू.व्ही. म्हणतात त्या जातीची. वजन १८०० किलो. तिच्यामागें जोडावयाची कॅरव्हॅन सामानसुमानासह १४५० किलोंहून अधिक भरतां कामा नये, असें तिच्यावरील पट्टीवरच लिहिलेलें होतें. मागचें घर मोटारीच्या वजनाच्या शेंकडा ८५ पेक्षां जड नसावें, असा तिकडील जाणत्यांचा नवशिक्यांस उपदेश असतो. कायद्याची सक्ती मात्र पूर्वीपेक्षां सैल झाली आहे. जड कॅरव्हॅन ओढण्यासाठीं कित्येकांस स्वतंत्र परीक्षा द्यावी लागे, ती डिसेंबर २०२१ पासून रद्द झाली. परीक्षा गेली, वारा मात्र पूर्वीइतकाच वाहतो. म्हणून शहाणा मनुष्य आपली परीक्षा आपणच घेतो.

ती परीक्षा अंगणांतच सुरू झाली. आमच्या सौभाग्यवतींनीं व भाचेसुनेनें मिळून वीस किलो तांदूळ, दहा किलो कणीक व कुकर अशी सर्व शिदोरी कॅरव्हॅनच्या अगदीं मागच्या कपाटांत नीट लावून ठेविली होती. भाच्यानें पुढच्या दांड्याखालीं एक लहानसा कांटा धरला. जोडावर पडणारा भार साठ किलो भरला. हा भार एकंदर वजनाच्या शेंकडा पांच ते सात, म्हणजे आमच्या बाबतींत सुमारें सत्तर ते शंभर किलो असावा लागतो.

“मामी, तांदूळ चाकांवर, मधोमध घेऊं या,” तो म्हणाला.

“अरे, पण तेथें पाय ठेवायला जागा उरणार नाहीं!”

“चालतांना आंत कोणी बसायचेंच नाहीं, मनाई आहे. मुक्कामाला पोंचल्यावर पुन्हां कपाटांत ठेवा.”

सामान आंसावर, जमिनीलगत आलें व कांटा ऐंशीवर गेला. आम्हांस देशावरील बैलगाड्या आठवल्या. मागें ओझें जास्त झालें कीं गाडी उलाळ होते, जूं बैलांच्या मानेवरून उचललें जातें. पुढें जास्त झालें तर मान दबते. मोटारीलाही मान आहे, एवढेंच. फरक इतकाच कीं उलाळ बैलगाडी जागच्या जागीं कळते, उलाळ कॅरव्हॅन वेग आल्याशिवाय कळत नाहीं.

जोडाचा आंकडा, दिव्यांची तार, दोन्ही बाजूंचे लांब आरसे, चाकांचीं हवा व नट हें सर्व पाहून झालें. एक बारीक पोलादी दोरी मोटारीस अडकविली होती. जोड निसटलाच, तर ती ताणली जाऊन कॅरव्हॅनचा ब्रेक ओढते व मग तुटते. एरवींचा ब्रेक याहून मौजेचा : मोटार मंदावली कीं मागचें घर पुढें रेटूं लागतें, आणि त्या रेट्यानेंच त्याच्या चाकांना ब्रेक लागतो.

एम-६ हा हमरस्ता शॅपच्या माळावर हजार फुटांहून वर चढतो. झाड नाहीं, आडोसा नाहीं; मेंढ्या आणि वारा. माथा ओलांडून उतार लागला, तोंच उजवीकडून एक मोठी प्रवासी बस पुढें गेली. तिच्या रेट्यानें आमचें घर प्रथम डावीकडे ढकललें गेलें, मग तिच्याकडे ओढलें गेलें, आणि त्यानें झोका घेतला. मोटारीचें बूड कोणीतरी धरून हालवीत आहे असें वाटलें. सौभाग्यवतींनीं रामरक्षा सुरू केली. भाच्यानें ब्रेकला पाय लाविला नाहीं. वेग देणारा पाय हळूच उचलला व चक्र सरळ धरून ठेविलें. तीन झोके, चौथा लहान, मग शांत. अशा वेळीं ब्रेक करकचून दाबला, किंवा प्रत्येक झोक्यास चक्र उलट फिरविलें, तर झोके वाढत जाऊन दोन्ही गाड्या आडव्या होऊं शकतात. तांदूळ मागच्या कपाटांत असते तर तो चौथा झोका लहान झाला असता कीं नाहीं, हा विचार पुढें कार्लाइल येईपर्यंत आमच्या डोक्यांतून गेला नाहीं.

पर्थपासून ए-९ रस्ता कधीं दुहेरी, कधीं एकेरी. कॅरव्हॅन ओढणारास दुहेरीवर ताशीं ६० मैल व एकेरीवर ५० मैल ही मर्यादा. मागें रांग सांचली कीं भाचा थांबण्याच्या जागीं बाजूस होई. ड्रमॉक्टरच्या खिंडींत दोहों बाजूंस तपकिरी डोंगर व मधून धांवणारी आगगाडी असा देखावा आहे. ५० मैलांनीं गेलें तरच तो दिसतो.

इन्व्हरनेसहून ॲपलक्रॉस पाहावयाचें होतें. वाटेंत ‘बेलाख ना बा’ हा घाट लागतो. गेलिक भाषेंत त्याचा अर्थ गुरांचा घाट. उंची ६२६ मीटर, वळणें कात्रीसारखीं, रस्ता एका गाडीपुरता. पायथ्याशीं असलेला फलक नवशिक्यांस व कॅरव्हॅनवाल्यांस परत फिरण्याचा सल्ला देतो. समोरून कोणी आलें तर बगलेच्या जागेपर्यंत मागें हटावें लागतें, आणि कॅरव्हॅन मागें नेतांना चक्र उलट्या बाजूस फिरवावें लागतें, हें लक्षांत घेतां फलक सौम्यच म्हणावयाचा. आम्हीं घर तळावर ठेवून नुसती मोटार नेली.

पांच दिवसांनीं परत निघतांना कणीक संपली होती, तांदूळ निम्मे उरले होते, आणि सौभाग्यवतींनीं दोन लोंकरीच्या घोंगड्या घेतल्या होत्या. भाच्यानें पुन्हां कांटा काढला.