हिरव्या वडीतले काळे कण

जानेवारी १९८७. अलाबामातील हंट्सविल येथे माव-क्वेन वू आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इट्रियम, बेरियम व तांबे यांच्या ऑक्साइडची एक वडी भाजून काढली. ९३ केल्विनच्या आसपास तिचा विद्युतरोध नाहीसा झाला. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. म्हणजे अतिसंवाहकतेसाठी आता महागड्या हेलियमची गरज उरली नव्हती.

वूंचे गुरू, ह्यूस्टनचे पॉल चू, यांनी ही वडी तयार होण्याआधीच पेटंटचा पहिला अर्ज दाखल केला होता. त्यांनी नियतकालिकाकडे धाडलेल्या हस्तलिखितात तर इट्रियमच्या जागी सर्वत्र यिटर्बियम छापले होते. छपाईच्या तोंडावर ते दुरुस्त झाले. टंकलेखनातील चूक, असे चूंचे म्हणणे. प्रतिस्पर्ध्यांना चकवण्यासाठीचा डाव, असा इतरांचा संशय. गंमत अशी की यिटर्बियमचे संयुगही पुढे अतिसंवाहकच निघाले!

पण खरा वाद निराळाच होता. ती वडी एकजिनसी नव्हती. तिचा बराचसा भाग हिरवा आणि विद्युतरोधक होता. वीज निर्वेध वाहत होती ती त्यातील काळ्या कणांतून. त्या काळ्या पदार्थाचे नेमके सूत्र कोणते? एक भाग इट्रियम, दोन भाग बेरियम, तीन भाग तांबे. हे प्रमाण काही आठवड्यांच्या अंतराने अनेक प्रयोगशाळांना गवसले. मग ह्यूस्टन विद्यापीठ, बेल लॅब्ज, आयबीएम आणि अमेरिकी नौदलाची संशोधन प्रयोगशाळा असे चार दावेदार पेटंट कार्यालयापुढे उभे राहिले.

अमेरिकेत त्या काळी पेटंटवर हक्क पहिल्या अर्जदाराचा नसे, पहिल्या शोधकाचा असे. त्यामुळे प्रयोगवह्यांतील तारखांना न्यायालयीन पुराव्याचे मोल आले. पदार्थ हाती असणे आणि तो कशाचा बनला आहे हे ठाऊक असणे, यांत कायद्याने भेद केला. तो भेद निष्ठुर खरा, पण निराधार म्हणता येणार नाही. मिश्रण भाजणाऱ्याला आपण नेमके काय भाजले हे सांगता आले नाही, तर दुसऱ्याने ते पुन्हा घडवावे कसे?

बेल लॅब्जच्या बर्ट्राम बॅटलॉग, रॉबर्ट कावा आणि सहकाऱ्यांच्या नावे पेटंट निघाले ते ऑक्टोबर २००३ मध्ये, सोळा वर्षांनी. चूंना वेगळ्या दाव्यांवरचे पेटंट २००६ मध्ये मिळाले. मग ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेतील पेइ-हर्न्ग होर आणि नमुने घडवणाऱ्या रूलिंग मेंग यांनी सहशोधक म्हणून आपलीही नावे नोंदवावीत यासाठी न्यायालय गाठले. ती नोंदली गेली नाहीत.